एक्कावन्न किलो

मोज्यात घातलेला टेनिसचा चेंडू माझ्या कपाळावर सातव्यांदा आपटला, तेव्हा पळसपगार सरांनी तोंडातली शिट्टी काढून हातात घेतली.

"मॅडम, तुम्ही त्या चेंडूत काय शोधून रायल्या?"

"काही नाही, सर."

"मंग त्याच्यापाशी वाकता कायले? तो येऊन रायला तं येऊ द्या. आपन डोकं जरासं बाजूला काढा. तो कानापासून निघून जाईन. बस, एवढंच काम."

एवढंच काम होतं खरं. हॉलच्या छताखालच्या पाइपाला सुतळीनं एक मोजा टांगला होता आणि मोज्यात चेंडू. तो हातानं ढकलायचा आणि परत आला की गुडघे किंचित वाकवून डोकं बाजूला घ्यायचं. ठोसा चुकवायची ही पहिली पायरी. बॉक्सिंगवाले याला स्लिप म्हणतात. आठ-दहा वर्षांची पोरं ते करत होती आणि करता करता एकमेकांच्या खोड्याही काढत होती. मी सत्तावीस वर्षांची होते आणि मला ते जमत नव्हतं.

का जमत नव्हतं ते मला ठाऊक होतं, पण सांगायची लाज वाटत होती. सहा वर्षं मी अकोल्यात ब्युटी पार्लर चालवत होते. दिवसाला पंधरा-वीस चेहरे हाताखालून जायचे. चेहऱ्याच्या उंचीवर काहीही आलं की माझी मान आपोआप पुढे जायची आणि मी बारकाईनं बघायला लागायची. दिवसभर मी दुसऱ्यांना "हलू नका" म्हणून दटावत असे. त्यामुळे डोकं हलवणं हा माझ्या लेखी गुन्हाच होता.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी त्या हॉलमध्ये गेले कशी, ते आधी सांगते.

उन्नती खंडारे नावाची सतरा वर्षांची एक पोरगी दर पंधरा दिवसांनी माझ्याकडे भुवया करायला यायची. बारीक, उंच, केस कापलेले. बॉक्सिंग खेळते एवढं मला माहीत होतं, कारण तिच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण होता आणि तिथं दोरा जपून चालवावा लागे. एकदा खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून पडल्या पडल्या तिनं विचारलं, "ताई, तुमचं वजन किती हाय?"

पार्लरमध्ये लोक नको नको ते बोलतात, पण हे नवीन होतं. "एक्कावन्न," मी म्हटलं. "कायले?"

"काई नाई. असंच."

दुसऱ्याच दिवशी पळसपगार सर आले. पोलिसातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशा, गळ्यात शिट्टी. माझ्या दारावर 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी होती, म्हणून ते पायरीवर रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि तसेच बोलले.

"मॅडम, तुमचं वजन एक्कावन्न हाय म्हनते."

"कोन म्हनते?"

"आमची पोट्टी. तुमचे हात बी लंबे हाय म्हनते. उद्या सकायी सहाले हॉलवर येता का? जमलं तं ठीक, नाई तं व्यायाम झाला."

मी काही बोलायच्या आत, दुकानात माझ्यासोबत बसणाऱ्या मावशीनं आतून परस्पर सांगून टाकलं, "येते म्हना. दिवसभर उभं राहून पाय सुजते तिचे. जराशी नाचन-बागडन तं बरंच हाय."

मला आतापर्यंत बघायला आलेल्या लोकांनी उंची विचारली होती, रंग स्वतःच बघून घेतला होता आणि पुरणपोळी येते का म्हणून विचारलं होतं. माझ्या वजनासाठी आणि हातांच्या लांबीसाठी कुणी दारी चालत येण्याची ही पहिलीच वेळ. अंगावर मूठभर मांस चढलं. मग लगेच काळजी वाटली, की त्यानं वजन वाढायला नको.

हॉलमध्ये सर सगळ्यांना अरेतुरे करायचे. "बे पोट्ट्या, हात वर ठेव", "ए पोरी, तुही हनुवटी काय दुकानात मांडून ठेवली का?" मला मात्र मॅडम. पोरं दबून हसायची. पण मला सगळ्यात आवडला तो हॉलमधला फळा. स्पर्धेला जाणाऱ्यांची नावं सर त्याच्यावर खडूनं लिहायचे, आणि सगळ्यात खाली लिहिलेलं होतं, 'अमरावती, नवोदित महिला', आणि पुढं कोरी जागा.

त्या जागेवर मला माझं नाव हवं होतं. हसू येईल, पण हे हवंसं वाटणं भुकेसारखं पोटात असायचं. माझ्या स्वतःच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा माझं नाव नव्हतं. पार्लर मावशीच्या मुलीनं सुरू केलं होतं. ती लग्न होऊन सुरतला गेली, दुकान माझ्याकडे आलं, पाटी 'रूपाली ब्युटी पार्लर' तशीच राहिली. गिऱ्हाइकं मला रूपालीताई म्हणायची आणि मीही ओ द्यायची. ज्योत्स्ना तेलगोटे हे नाव दहावीच्या निकालानंतर कुणी मोठ्यानं वाचलेलं नव्हतं.

धीर करून मी एक दिवस सरांना विचारलं. ते बराच वेळ मिशी चोळत राहिले.

"तीन आठवड्यांनी रविवारी सांगतो," ते म्हणाले. "उन्नतीसंग तीन राऊंड. पळायचं नाई, पाठ दाखवायची नाई. अन् एक ठोसा, एकच, तिच्या तोंडावर साफ बसला पाहिजे. बसला, की तुमचं नाव लिहितो."

तर अशी अट होती. आणि आश्चर्य म्हणजे चेंडू कपाळावर आपटत असला तरी उन्नतीचे ठोसे मला चुकवता यायला लागले होते. अगदी पहिल्या दिवसापासून. ती ठोसा टाकायची, मी डोकं बाजूला घ्यायची आणि तो कानाजवळून सूं करून निघून जायचा. मी तिला म्हटलंसुद्धा, "चेंडूले खांदा नसते न व. माणसाचा खांदा आधी हालते, तो दिसते मले."

"हो ना ताई," ती म्हणाली. "तुमची नजर लय तेज हाय."

सर तिथंच उभे होते. ते नुसतं "हूं" म्हणाले.

चेंडूचं कोडं मावशीनं सोडवलं. एका दुपारी मी एका बाईच्या भुवया करत होते. एक टोक दातात, दोरा बोटांत, नेहमीसारखं. मावशी कोपऱ्यात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"जोसना," ती म्हणाली, "तू म्हनतं डोकं हालत नाई. अन् हे काय हाय? दोऱ्यासंग तुही मान कशी डुलून रायली, पाय."

खरंच की. दोरा दातात असला की मान जराशी मागे-पुढे, जराशी बाजूला होते. जास्त झाली तर दोरा तुटतो, कमी झाली तर सैल पडून केस निसटतो. बोटभर, त्याच्यावर नाही. मी आजवर चेंडू बघून एसटीच्या खिडकीतून वाकावं तशी वाकत होते, नाही तर मुळीच नाही. त्या रात्रीपासून मी खिडकीच्या गजाला दोरा बांधून एक टोक दातात धरायला लागले आणि गुडघ्यात वाकून डावीकडे, उजवीकडे. दोरा तुटू द्यायचा नाही आणि सैलही पडू द्यायचा नाही. आठवडाभरात चेंडू दहातून सहा वेळा कानाजवळून जायला लागला. मावशीनं रीळभर दोरा वाया गेल्याबद्दल दोन शब्द ऐकवले, पण तिलाही मजा वाटत होती.

रविवारी सकाळी ती माझ्यासोबत हॉलवर आली. थर्मासमध्ये चहा, पिशवीत हळदीची पुडी. एक बादली उलटी घालून ती रिंगच्या कडेला बसली आणि शेजारच्या पोराला म्हणाली, "हे माही भाची. आज हिचं नाव लिहिनार हाय." पोरं खिडक्यांवर चढून बसली होती. उन्नतीनं माझ्या हेडगार्डचा पट्टा स्वतः ओढून बांधला. मी तिच्या कपाळाकडे बघितलं. भुवया मी गुरुवारीच केल्या होत्या आणि डावीच्या शेपटाशी दोन केस राहून गेले होते. सर बोटानं छातीवर टकटक करत म्हणाले, "मॅडम, तिच्या छातीकडं पाहायचं. भुवयांकडं नाई."

पहिला राऊंड अजून आठवला की बरं वाटतं. उन्नती पुढं यायची, डावा, डावा, उजवा. मी डोकं काढायची आणि तिचे हातमोजे कानाजवळून जायचे. एक नाही, दोन नाही, सगळे. खिडकीतली पोरं गप्प झाली. मावशी थर्मासचं झाकण उघडून तसंच धरून बसली. माझे ठोसे मात्र एकही बसत नव्हते. ती ते तळव्यावर झेलून बाजूला सारायची. पण मला वाटलं, जिला सगळं चुकवता येतं तिला एक मारता येणार नाही का? शिट्टी झाली तेव्हा मला दमसुद्धा लागला नव्हता.

"काय पोरगी हाय," मावशी शेजारच्या पोराला म्हणाली. "हातच लागत नाई कोनाचा."

दुसऱ्या राऊंडमध्ये मी अंगावर जायला लागले. एक ठोसा हवा होता मला. मी पुढं, ती मागं, असं करत आम्ही दोघी कोपऱ्यात दोरांना टेकलो. तिनं माझे दंड धरले, मी तिचे. ती वाकल्यामुळे तिचा चेहरा माझ्या हनुवटीखाली, अगदी खुर्चीत असतो तेवढ्याच अंतरावर आला. जुनं हेडगार्ड वर सरकलं होतं. आणि मला ते दोन केस दिसले.

पुढचं मी केलं असं म्हणता येत नाही, ते हातानंच केलं. माझा डावा हात सुटला, तिच्या कपाळावर गेला, हातमोज्यानं तिचं डोकं अलगद मागं ढकललं आणि दातांवरच्या रबरी गार्डातून मी म्हटलं, "डोये मिट."

उन्नतीनं डोळे मिटले.

नुसते मिटले नाहीत. तिनं हनुवटी वर केली, मान मागं टाकली आणि दोन्ही हातमोजे वर आणून एक भुवईच्या वर आणि एक खाली ठेवला, कातडी ताणून धरायला. माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई हेच करते. दोन वर्षं, दर पंधरा दिवसांनी, तिनं हेच केलं होतं.

हॉलला कळायला एक क्षण लागला. मग पहिल्यांदा सरांचा आवाज आला. "मारा, मॅडम."

माझा उजवा हात मोकळा होता. तिची हनुवटी समोर, वर केलेली, उघडी. माझ्यात आणि फळ्यावरच्या माझ्या नावात वीतभर अंतर उरलं होतं. मला ते नाव किती हवं होतं हे मी सांगितलंच आहे. मी हात मागेसुद्धा घेतला.

"मारा, म्हनतो ना मी," सर पुन्हा म्हणाले.

पण ती डोळे मिटून उभी होती. मी सांगितलं म्हणून मिटले होते. सहा वर्षांत माझ्या हाताखाली हजारो डोळे मिटले असतील आणि एकदा मेण जास्त तापलं ते सोडलं, तर कुणाला माझ्याकडून दुखापत झाली नव्हती. माझा हात काही केल्या पुढं जाईना. मी तिच्या हेडगार्डवर दोनदा टिचकी मारल्यासारखं केलं, काम झालं की करते तसं, आणि म्हटलं, "उघड."

तिनं डोळे उघडले. आपण कुठं आहोत, हे तिच्या लक्षात आलं. आणि तेवढ्यात खिडकीतली पोरं फुटली. एकानं दुसऱ्याची भुवई ताणून धरली, तिसरा तोंडात सुतळी धरून डुलायला लागला. हसून हसून एक जण खिडकीतून खाली घसरला. उन्नती लाल झाली. कानापासून गळ्यापर्यंत. राज्य स्पर्धेला जाणारी मुलगी, हॉलमध्ये तिचा दरारा होता, आणि तिनं सगळ्यांसमोर रिंगमध्ये भुवया करून घेतल्या होत्या.

मग ती आली.

पहिला ठोसा माझ्या नाकावर बसला. मला तो दिसलाच नाही. खांदा हललेला दिसला नाही, काहीच दिसलं नाही, नुसतं नाक दुखलं. मी डोकं बाजूला घेतलं तेव्हा दुसरा बसलाही होता. तिसरा गालावर. मी जिकडे डोकं न्यायची तिथं तिचा हात आधीच येऊन थांबलेला असायचा. हात वर धरले तर ती खालून मारायची, खाली घेतले तर वरून. शिट्टी झाली तेव्हा मी दोराला धरून उभी होते आणि नाकातून गरम काही तरी ओठावर येत होतं.

सरांनी मला स्टुलावर बसवलं आणि ओल्या फडक्यानं नाक दाबून धरलं.

"सर," मी म्हटलं, "आजपर्यंत मी चुकवत होतो ते..."

सर फडकं पिळत राहिले.

"ते पोट्टी महिनाभर तुमच्या कानापाशीच मारून रायली होती," ते म्हणाले. "तुम्ही डोकं नेलं नसतं तरी लागलं नसतं."

"तुम्हाले माहीत होतं?"

"चाळीस वर्षं झाली मले यातच."

"मंग सांगितलं कामून नाई?"

"तुमची खुशी पाहून नाई सांगितलं. अन् एक साफ ठोसा माराची अट कायले घातली होती मी? पुढच्याले मारायले गेलं की आपलं पितळ आपोआप उघडं पडते." त्यांनी नाकाकडे बघितलं. "हाड शाबूत हाय. थांबायचं का?"

लाज वाटत होती. नाक दुखत होतं त्याहून जास्त. महिनाभर मी गिऱ्हाइकांना सांगत होते, की मला कुणी हात लावू शकत नाही. आरशासमोर उभी राहून मी डोकं काढायची आणि स्वतःवरच खूश व्हायची. एका सतरा वर्षांच्या मुलीनं मला लहान मुलीसारखं खेळवलं होतं आणि मला कळलंही नव्हतं. रडू येत होतं आणि ते नाकावर खपवता येत होतं, एवढंच बरं.

"जोसना," बादलीवरून मावशी म्हणाली, "चहा पेतं का?"

"नाई," मी म्हटलं. "तिसरा घेतो, सर."

तिसऱ्या राऊंडला उन्नती पुन्हा हळू झाली. तिचा राग उतरला होता आणि माझं नाक बघून ती घाबरली होती. तिनं डावा टाकला. मी मुद्दाम जागची हलले नाही. ठोसा कानाजवळून निघून गेला.

मी हात खाली घेतले. दातांवरचं गार्ड हातमोज्यानं काढलं आणि म्हटलं, "अशी नाई. नाकावर मार."

तिनं सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते.

"मार, म्हनलं ना," मी म्हटलं आणि गार्ड परत बसवलं.

आणि तिनं मारलं. तिला मारता येत होतं, यात वादच नाही. डावा बसला, उजवा बसला, मग पुन्हा डावा. मी मागं जायला लागले तशी सरांची हाक आली, "ज्योत्स्ना, डोकं मागं नेऊ नको. गुडघ्यातून काढ, गुडघ्यातून." ते मला तू म्हणाले हे माझ्या फार नंतर ध्यानात आलं, कारण त्या क्षणी कपाळावर चौथा बसत होता. मी तिच्या छातीकडे बघत राहिले. मार खाताना डोळे उघडे ठेवणं हीच मोठी गोष्ट होती. पाचवा बसला तेव्हा त्याच्याआधी काहीतरी हललेलं मला दिसलं. सहाव्याच्या वेळी ते पुन्हा दिसलं. उजव्या खांद्याच्या खाली, बनियनच्या पट्टीत, एक सुरकुती.

सातव्याला ती सुरकुती दिसली आणि मी गुडघ्यातून डोकं काढलं. बोटभर.

हातमोजा माझ्या गालाच्या कडेला घासून, कानाची पाळी मुडपून मागं गेला. आतापर्यंत कानाजवळून गेलेल्या ठोशांत आणि या ठोशात काय फरक होता, हे मला शब्दांत सांगता येणार नाही. एवढंच सांगते, की हा मला लागणार होता. याला माझ्या तोंडावर यायचं होतं आणि मी तिथं नव्हते.

उन्नतीची उजवी बाजू सगळी उघडी पडली होती. तिचा गाल, जबडा, सगळं माझ्यासमोर होतं, आणि या वेळी तिचे डोळे टक्क उघडे होते. एक ठोसा. माझं नाव.

आणि मी काय केलं? मला इतका आनंद झाला, की मी मान वळवून मावशीला म्हटलं, "पायलं का तू?"

मावशीनं पाहिलं. उन्नतीचा डावा माझ्या जबड्यावर बसला तेही पाहिलं. मी बुडावर आपटले आणि शिट्टी झाली.

सर खडू घेऊन फळ्यापाशी उभे राहिले. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. मीही बघत होते, नाकाला फडकं लावून.

"साफ ठोसा?" त्यांनी विचारलं.

मग उन्नती म्हणाली, "सर, दुसऱ्या राऊंडमदी होता. माहे डोये मिटले होते. ताईले मारता येत होता, तिनं नाई मारला."

"न मारलेला ठोसा कोनी मोजत नाई, पोरी," सर म्हणाले. त्यांनी खडू खोबणीत ठेवून दिला. "पुढच्या वर्षी, ज्योत्स्ना."

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. मावशी तर सरांशी भांडायला उठली होती, तिला मीच बसवलं. पुढं माझं नाव त्या फळ्यावर लागलं, एकदा नाही, दोनदा, आणि दोन्ही वेळा मी पहिल्याच फेरीत हरून परत आले. पार्लरची पाटीही मी बदलून घेतली. उन्नतीनं त्याच वर्षी राज्य स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं आणि ते माझ्या आरशाच्या खिळ्याला चार दिवस टांगून ठेवलं, गिऱ्हाइकांनी बघावं म्हणून. पण हे सगळं नंतरचं.

त्या रविवारी पोरं पांगली, मावशी बाहेर जाऊन रिक्षा बघायला लागली आणि मी बाकावर बसून राहिले. हातमोज्यांच्या दोऱ्या आपल्या आपल्याला सोडता येत नाहीत. उन्नती आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि गाठ सोडायला लागली. गाठ ओली होऊन आवळली होती.

"ताई, राग आला का?"

"मारलं त्याचा?"

"नाई. आधी नव्हतं मारलं त्याचा."

ती गाठीत नख घालत राहिली.

"तुमच्या आधी माह्या वजनाच्या दोघी आल्या होत्या," ती म्हणाली. "एक पन्नासची, एक बावन्नची. मी पयल्याच दिवशी मारलं. मले वाटलं, खेळ हाय तं मारायचं असते. दुसऱ्या दिवशी कोनीच नाई आलं. मंग मी एकटी. पोट्टे माह्यासंग नीट नाई खेळत. एक तं देवाले हात लावल्यासारखे हळू मारते, नाई तं राग काढते. राज्याले एक महिना राहिला, ताई. मले वाटलं, तुमाले लागलं तं तुम्ही बी नाई येनार."

गाठ सुटली. तिनं हातमोजा ओढून काढला आणि दुसरा हात मांडीवर घेतला. माझ्याकडे तिनं अजून बघितलं नव्हतं. एवढ्याशा वयाची पोरगी, महिनाभर रोज सकाळी मला लागणार नाही असा ठोसा नेमानं मारत होती. तेही काही सोपं काम नसणार. आणि मी समजत होते, माझी नजर तेज.

"उद्या येसान ना?" तिनं विचारलं.

नाक सुजून मला त्याचंच टोक दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला एका नवरीचा मेकअप होता, आणि असलं तोंड घेऊन तिच्यासमोर उभं राहायचं होतं.

"येईन," मी म्हटलं. "पन पुन्हा कानापाशी मारशीन, तं नाई येत."